बाबासाहेबांच्या घटनेतला 'शॅल'



आपल्यापैकी जे आज चाळिशीच्या पुढे आहेत आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले आहेत, त्यांचे इंग्रजी पाचवीत सुरू झाले. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. त्या पाचवी ते दहावीच्या काळात भविष्यकाळ शिकविताना गुरुजी फळ्यावर एक नियम लिहून देत : 'आय' आणि 'वुई' असेल तर 'शॅल', बाकी सगळ्यांना 'विल'. तो आम्ही घोकला, गाळलेल्या जागा भरल्या, मार्क घेतले आणि विसरून गेलो. आजच्या मुलांना तर सांगतात की 'शॅल' आता जुना झाला, सगळीकडे 'विल' लिहा. बोलण्यापुरते ते खरेही आहे.

पण कायद्याच्या कागदात हा 'शॅल' अजून ठाण मांडून बसलेला आहे. कोर्टाचे समन्स, बँकेचे कर्जखत, एमआयडीसीतल्या कंपनीच्या स्टँडिंग ऑर्डर्स, शासनाचा अधिनियम, आणि या सर्वांच्या वर असलेली आपली राज्यघटना, कोणतेही पान उघडा, 'शॅल' आहेच. आणि तिथे तो 'आय'बरोबर येत नाही. तो येतो 'स्टेट'बरोबर, 'ऑफिसर'बरोबर, 'एम्प्लॉयर'बरोबर. म्हणजे आपल्या शाळेतल्या नियमाने पाहिले तर ते चुकलेले इंग्रजी ठरेल!

ते चुकलेले नाही. गुरुजींनी नियमाचा अर्धाच भाग सांगितला होता. जुन्या व्याकरणाप्रमाणे 'आय शॅल गो' म्हणजे मी जाईन, साधा भविष्यकाळ. पण 'ही', 'इट', 'दे' यांच्याबरोबर 'शॅल' आला की तो भविष्यकाळ राहत नाही, तो हुकूम होतो. 'ही विल कम' म्हणजे तो येईल, निदान तसा अंदाज आहे. 'ही शॅल कम' म्हणजे त्याने आलेच पाहिजे. त्याच्या शेजारी दुसरा शब्द असतो 'मे'. 'ही मे कम' म्हणजे वाटले तर येऊ शकतो, नाही आला तरी त्याला कोणी विचारणार नाही. कायद्याच्या कागदात हक्क कुठे आहे आणि मर्जी कुठे आहे, हे बहुतेक वेळा या दोन शब्दांवर ठरते.

मराठीत हा फरक चटकन दिसत नाही. 'पाऊस पडेल' आणि 'सचिव सभा बोलावील' या दोन्ही वाक्यांना शेपूट एकच. पण कायद्याच्या मराठीत 'सचिव सभा बोलावील' हे हवामानाच्या अंदाजासारखे वाचायचे नसते. तो 'शॅल' आहे, सभा बोलावणे सचिवाला भागच आहे. आणि 'सचिवास सभा बोलावता येईल' असे असेल तर तो 'मे' आहे. मी कारकून माणूस, दिवसभर हीच भाषा लिहितो, म्हणून आणखी एक सांगतो. 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' हे वाक्य तुम्हाला उत्तरात आले तर खूश होऊ नका. त्यात 'येईल' आहे, पण कोण करील आणि कधी करील हे नाही. कर्ता नसलेल्या 'शॅल'ला कोणीही बांधील नसतो.

आता घटनेकडे येऊ. मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून प. पू. बाबासाहेबांनी एकेका शब्दासाठी घटना समितीत किती वाद घातला, हे त्या चर्चांचे खंड वाचले म्हणजे कळते. कोलंबिया, लंडन, ग्रेज इन असे शिक्षण घेऊन आलेल्या या महापुरुषाला 'शॅल'ची ताकद कोणी शिकवायला नको होती. पण गंमत पाहा. आपल्या दृष्टीने सर्वांत मोठे जे १७ वे कलम, त्याच्या पहिल्या वाक्यात 'शॅल' नाही! तिथे अस्पृश्यता 'इज अबॉलिश्ड' असे आहे. नष्ट करण्यात येईल असे नव्हे, नष्ट केलेली आहे. राज्याने पुढे कधीतरी करायचे काम म्हणून ते ठेवलेलेच नाही. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीने हे कलम मंजूर केले. 'शॅल' येतो तो पुढच्या वाक्यात : अस्पृश्यतेवरून कोणावर काही निर्बंध लादणे हा गुन्हा 'शॅल बी'. आधी वस्तुस्थिती जाहीर केली, मग ती मोडणाऱ्याला हुकूम.

मात्र प्रत्येक ठिकाणी 'शॅल' एवढा कडक नाही. शिक्षणाचे उदाहरण घ्या. घटनेच्या मूळ मसुद्यात मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रत्येक नागरिकाला हक्क आहे, असे शब्द होते. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी चर्चा झाली तेव्हा ते गाळले गेले. कारण हे कलम मार्गदर्शक तत्त्वांच्या प्रकरणात होते, आणि त्या प्रकरणातले काहीच कोर्टातून मागता येत नाही. बाबासाहेबांनी ती दुरुस्ती मान्य केली. पण चौदा वर्षांची मर्यादा कमी करून फक्त प्राथमिक शिक्षण ठेवा, ही सूचना त्यांनी मानली नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात कामाला लावायचे नाही असे आपण दुसरीकडे ठरविले आहे, मग ते मूल त्या वेळात शाळेतच असले पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. शेवटी ४५ व्या कलमात शब्द आले : राज्य दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी 'शॅल एन्डेव्हर', म्हणजे प्रयत्न करील. 'शॅल' आहे, पण कशाचा? प्रयत्नाचा. दहा वर्षे १९६० ला संपली. प्रयत्न चालूच होते! ऊसतोडीच्या कोप्यांवर, वीटभट्ट्यांवर आपली आणि इतर गरिबांची किती मुले त्या 'एन्डेव्हर'मध्ये मोठी झाली, याचा हिशेब कोणी ठेवला?

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने २१ अ हे नवे कलम मूलभूत हक्कांत घातले. त्यात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षण 'शॅल प्रोव्हाइड' असे आहे. प्रयत्न गेला, देणे आले. ते अमलात आले १ एप्रिल २०१० रोजी, शिक्षण हक्काच्या कायद्याबरोबर. त्या कायद्यात विनाअनुदानित खासगी शाळांनी पहिलीच्या वर्गात पंचवीस टक्के जागांवर दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना 'शॅल अ‍ॅडमिट' असे म्हटले आहे. २०२४ साली राज्य शासनाने नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली. पालक कोर्टात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला. संसदेच्या कायद्यातला 'शॅल' राज्याच्या नियमाने पुसता येत नाही. अनुसूचित जातीच्या पालकांना या प्रवेशासाठी उत्पन्नाची अट नाही, हेही बारामती-इंदापूरच्या आपल्या पुष्कळ घरांत अजून माहीत नसते.

'बाबासाहेबांनी दहाच वर्षांचे आरक्षण दिले होते' हे वाक्य चहाच्या टपरीपासून कारखान्याच्या कँटीनपर्यंत ऐकू येते आणि आपले तरुण एक तर चिडतात किंवा गप्प बसतात. दोन्हीची गरज नाही. क्रियापद पाहा. ३३० व ३३२ या कलमांत लोकसभेतल्या व विधानसभांतल्या जागा 'शॅल बी रिझर्व्ह्ड' आहेत. हा सक्तीचा शब्द. नीरा नदीच्या पलीकडचे फलटण आणि माळशिरस हे विधानसभा मतदारसंघ २००९ पासून राखीव आहेत ते याच क्रियापदावर. मुदत आहे ती फक्त याच जागांना, कलम ३३४ प्रमाणे. पहिली दहा वर्षांची मुदत संसद दर वेळी वाढवीत आली आणि २०१९ च्या १०४ व्या दुरुस्तीने ती जानेवारी २०३० पर्यंत आहे. नोकऱ्यांचे आरक्षण वेगळ्या कलमात, १६ (४) मध्ये आहे. त्याला मुदतच नाही.

पण तिथले क्रियापदही नीट वाचले पाहिजे, कारण त्यात आपला तोटा लपलेला आहे. राज्य आरक्षण 'शॅल मेक' असे तिथे नाही. या कलमातले काहीही राज्याला तशी तरतूद करण्यापासून अडविणार नाही, 'नथिंग शॅल प्रिव्हेंट', असे आहे. म्हणजे वाट मोकळी केली, पण चालायलाच पाहिजे असे म्हटले नाही. १९६७ साली सी. ए. राजेंद्रन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तराखंडच्या मुकेश कुमार खटल्यात पदोन्नतीबाबत पुन्हा तेच सांगितले. मग सक्तीचा शब्द कोठून आला? आपल्या राज्यात तो २००१ च्या आरक्षण अधिनियमातून आला, जो २९ जानेवारी २००४ पासून लागू आहे. त्यात अनुसूचित जाती व बौद्ध धर्मांतरित यांच्यासाठी १३ टक्के पदे राखून ठेवली आहेत. विधिमंडळाने दिलेला 'शॅल' विधिमंडळ बदलूही शकते. आणि पदच न भरता ठेकेदाराकडून माणसे घेतली की तो 'शॅल' वापरण्याची वेळच येत नाही. आजकाल सरकारी कार्यालयांतून हेच चालले आहे. माझ्या मते आरक्षणाला आज खरा धोका त्या चहाच्या टपरीवरच्या वाक्यापासून नाही, या ठेक्यापासून आहे.

आणखी एक शब्द आपल्या समाजाने चौतीस वर्षे सोसला. 'शॅल बी डीम्ड', म्हणजे मानले जाईल. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात म्हटले होते की हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची 'मानली जाणार नाही'. १९५६ साली त्यात शीख धर्म जोडला गेला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि त्या दिवसापासून केंद्राच्या कागदावर आपण अनुसूचित जातीचे 'मानले जाईनासे' झालो. गावात वागणूक तीच, मजुरी तीच, वस्ती तीच, पण 'डीम्ड' नाही! १९६२ साली नागपुरातून राखीव जागेवर निवडून आलेले डी. पी. मेश्राम यांची आमदारकी १९६४ साली सर्वोच्च न्यायालयात गेली, कारण त्यांनी बौद्ध धम्म उघडपणे स्वीकारला होता. महाराष्ट्र शासनाने आपल्या पातळीवर नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्रातले दार बंदच होते. १९९० साली व्ही. पी. सिंग यांच्या काळात कायदा झाला आणि त्या वाक्यात 'हिंदू, शीख' यांच्या पुढे 'बौद्ध' हा एक शब्द आला. बाकी वाक्य तसेच राहिले.

इथे सहज एक गोष्ट मनात येते. ख्रिस्ती धर्माच्या दहा आज्ञा इंग्रजीत 'शॅल्ट नॉट' अशा आहेत, तू करू नकोस. आपण विहारात पंचशील म्हणतो तेव्हा शेवटी म्हणतो 'समादियामि'. म्हणजे मी स्वीकारतो. तथागतांनी हुकूम केला नाही, क्रियापद आपल्या तोंडी दिले. घरात लहान मुलांना पंचशील पाठ करून घेताना एवढा अर्थ जरूर सांगावा.

हुकूम लागतो तो राज्याला. आणि राज्य सर्वसामान्य माणसाला पहिल्यांदा भेटते ते पोलीस ठाण्यात. मागे आपल्या भागातल्या एका वस्तीवरच्या तरुणाला बांधाच्या वादातून मारहाण झाली, जातीवरून शिव्याही दिल्या. बापलेक ठाण्यात गेले. त्यांना सांगण्यात आले, 'आधी चौकशी करतो, दोन दिवसांनी या.' त्या दोन दिवसांत गावातली वजनदार मंडळी घरी येऊन बसतात, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. म्हातारबाबा मला म्हणाले, "दादा, साहेब म्हणत्यात चौकशी करावी लागती. कायद्यात तसंच असंल ना?"

कायद्यात तसे नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १५४ व्या कलमात दखलपात्र गुन्ह्याची खबर तोंडी दिली तर ती अधिकाऱ्याने लिहून घेतलीच पाहिजे, असे होते. तिथला शब्द 'शॅल'. पण ठाण्याठाण्यांतून तो 'मे' असल्यासारखा वाचला जात होता. अखेर हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपुढे गेला आणि १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी खटल्यात निकाल लागला. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंद करणे बंधनकारक आहे, आणि त्यामागे न्यायालयाने मुख्य आधार घेतला तो 'शॅल' या शब्दाचाच. कौटुंबिक वाद, व्यापारी व्यवहार अशा काही मोजक्या प्रकारांत प्राथमिक चौकशीला जागा ठेवली, तीही थोड्या दिवसांत संपविण्याची.

१ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. त्यात हेच कलम १७३ झाले. 'शॅल' तसाच आहे, नोंदलेली खबर वाचून दाखविणे आणि तिची प्रत मोफत देणे हेही तसेच. पण एक 'मे' नव्याने शिरला आहे. तीन वर्षे ते सात वर्षांच्या आतील शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी 'करता येईल'. म्हणून 'आधी चौकशी' हे उत्तर आता जास्त वेळा मिळेल. आपल्याला त्यावर दुसरा आधार आहे. मार्च २०१८ मध्ये कऱ्हाडच्या महाविद्यालयातून उद्भवलेल्या सुभाष महाजन खटल्यात अ‍ॅट्रॉसिटीच्या तक्रारीआधी चौकशी व्हावी असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. देशभर आपला समाज रस्त्यावर उतरला. त्याच वर्षी संसदेने अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात १८ अ घातले : गुन्हा नोंदविण्यासाठी प्राथमिक चौकशी 'शॅल नॉट बी रिक्वायर्ड'. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयाने ते कायम केले. त्याच कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे, अनुसूचित जाती-जमातीचा नसलेला लोकसेवक जाणूनबुजून कर्तव्यात कसूर करील तर तोही शिक्षेला पात्र आहे.

आम्ही त्या दिवशी १८ अ ची मराठी आणि इंग्रजी प्रत काढून नेली आणि त्या एका ओळीवर बोट ठेवले. आरडाओरडा केला नाही. रात्री उशिरा का होईना, गुन्हा नोंदला गेला. एवढे करूनही ठाण्यात नोंद झाली नाही तर १७३ (४) प्रमाणे तक्रार लेखी व पोस्टाने पोलीस अधीक्षकांना, आपल्याकडे पुणे ग्रामीणच्या अधीक्षकांना, पाठविता येते आणि पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. इथे कायद्यात शब्द 'मे' आहे. पण हा 'मे' साहेबांच्या हातात नाही, आपल्या हातात दिलेला आहे. असा 'मे' कागदात कुठे दिसला तर सोडू नका. पोस्टाची पावती मात्र जपून ठेवा, ती भगिनींकडे द्या, पुरुषमंडळींच्या खिशात ती टिकत नाही.

हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की न्यायालये प्रत्येक 'शॅल' सक्तीचाच धरतात असे नाही. सरकारी नोकरावरील कारवाईत लोकसेवा आयोगाचा सल्ला 'शॅल' घ्यावा असे कलम ३२० म्हणते, तरी १९५७ च्या मनबोधनलाल खटल्यात तो बंधनकारक मानला गेला नाही. कायदा कशासाठी केला आणि तो न पाळल्यास काय होईल असे लिहिले आहे, हेही पाहतात. म्हणून वकिलाला विचारावे. पण विचारताना 'इथे शॅल आहे, तो बंधनकारक आहे का?' असे विचारावे. वकीलही मग जरा सावरून बसतो.

शेवटी जमिनीचे. आपल्या दोन्ही तालुक्यांत नीरा डाव्या कालव्याखाली आज ज्या शिवाराला सोन्याचा भाव आहे, तिथे गावोगाव महारकी वतनाचे तुकडे होते. या वतनाच्या बेड्या तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात विधेयक आणले होते. ते तेव्हा पुढे गेले नाही. वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने. त्यातले शब्द दुहेरी आहेत : कनिष्ठ गाव वतने 'शॅल बी अँड आर हिअरबाय अबॉलिश्ड', नष्ट होतील आणि याद्वारे नष्ट झालीच. जमीन आधी शासनाकडे आली, मग भोगवट्याची किंमत भरणाऱ्या वतनदाराला ती परत द्यायची, तिथेही 'शॅल'. पुढच्या पोटकलमात मात्र दुसरा 'शॅल' आहे. अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून हस्तांतरित 'शॅल नॉट बी'. आपल्या आजोबांनी लग्नासाठी, आजारपणासाठी साध्या स्टँपवर अंगठा देऊन विकलेल्या कित्येक तुकड्यांत ही परवानगी घेतलेलीच नव्हती. ज्यांच्या घरी अशी हकिकत सांगितली जाते, त्यांनी तहसील कार्यालयातून त्या गटाचे जुने सातबारे, फेरफार आणि रिग्रँटचा आदेश यांच्या नकला अर्ज करून मागवाव्यात. आदेशावर अटी छापलेल्या असतात. बहुतेक ठिकाणी त्या मराठीतच आहेत आणि क्रियापद आहे 'करता येणार नाही'.